ठाण्याहून दिवसभराची खासगी गाडी: आईसोबत बागा आणि डोंगरावरची गावं, नऊ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर ते जून या काळात आम्ही नऊ वेळा दिवसभरासाठी गाडी केली. आम्ही म्हणजे मी, आई आणि मावशी. आई 78 वर्षांची, दोन्ही गुडघे संधिवाताने धरलेले. मावशी तिच्याहून चार वर्षांनी लहान आणि अजून ताडताड चालणारी. घर नौपाड्यात, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे आई महिन्यातून एकदाच खाली उतरायची, तेही डॉक्टरकडे जायला. गणपतीत एकदा ती म्हणाली, "उतरायचंच असेल तर दर वेळी डॉक्टरकडेच कशाला?" तिथून हे सुरू झालं.

सहलीच्या बसचा विचार आधी केला होता. पण त्यात दिवसात पाच-सहा ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. आईला बसमधून उतरायलाच पाच मिनिटं लागतात. म्हणून खासगी गाडीच करायची ठरवलं.

पहिली गाडी एका एजन्सीकडून घेतली आणि तिथे मला बऱ्याच गोष्टी कळल्या, थोडे पैसे मोजून. ओवळ्याच्या फुलपाखरांच्या बागेत जायचं होतं, म्हणजे घोडबंदर रोडवर, घरापासून फार लांब नाही. बिल हातात आलं तेव्हा किलोमीटर आमच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, गॅरेज टू गॅरेज असतं." गाडी जिथे उभी असते तिथून मीटर सुरू होतो आणि ती परत तिथे पोचली की बंद. गॅरेज होतं भिवंडीच्या पलीकडे. शिवाय गाडीची नंबर प्लेट पांढरी होती. माझ्या भाच्याने फोटो बघून लगेच सांगितलं की भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि त्यावर काळे आकडे हवेत. खासगी पाटीची गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विम्याचे पैसे अडू शकतात. तेव्हापासून मी गाडी ठरवताना पाटीचा फोटो आधी मागते. मागायला संकोच वाटू देऊ नका.

बाग मात्र फार आवडली. तिथे शोभेच्या झाडांचे ताटवे नाहीत, फुलपाखरांना लागणारी झाडं आहेत. कढीपत्त्यावर आणि लिंबावर मॉर्मन जातीची फुलपाखरं अंडी घालतात हे आईला तिथे कळलं आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे गच्चीतल्या कढीपत्त्यावरच्या अळ्या मी इतकी वर्षं चिमटीने काढून टाकत होते त्या याच?" त्या दिवसापासून आमच्या कढीपत्त्याला कोणी हात लावत नाही. 2015 साली राज्याचं फुलपाखरू म्हणून ज्याची निवड झाली ते ब्ल्यू मॉर्मनही दिसलं, अगदी आईच्या खुर्चीच्या हातावर क्षणभर बसलेलं. काळे मखमली पंख, त्यावर निळसर पट्टा. मावशीने श्वास रोखून धरला होता.

दुसऱ्या वेळेपासून आम्ही कळव्याच्या एका दादांची गाडी घेतो. गाडी त्यांची स्वतःची आणि चालवतातही स्वतःच. सात आसनी, सीएनजी. दर असा: दिवसाला किमान 300 किलोमीटर, किलोमीटरला 16 रुपये, चालकाचा भत्ता 400, टोल आणि पार्किंग वेगळं, रात्री दहानंतर जादा. म्हणजे गाडी दाराशी आली की 5,200 रुपये ठरलेले, फिरा कितीही कमी. नेरळकडे जायचं तर जाऊन-येऊन 130 किलोमीटर जेमतेम होतात. मग 300 चे पैसे का द्यायचे? त्यासाठी बारा तास-एकशेवीस किलोमीटरचं पॅकेज मागायचं. ते आम्हाला 3,200 ला पडतं, वरच्या किलोमीटरचे 160 धरले तरी 3,360. हा फरक कोणी आपणहून सांगत नाही, आपण विचारावा लागतो.

सीएनजी गाडीची एक अडचण आधीच सांगते, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. टाकी डिकीत असते. आईची चाकांची खुर्ची घडी केली तरी तिथे मावत नाही. आमच्याकडे दोन वस्तू असतात: ती खुर्ची आणि घडीची कमोड खुर्ची. दुसरीबद्दल लोक बोलायला लाजतात, पण म्हाताऱ्या बाईला घेऊन दिवसभर बाहेर पडायचं तर प्रवासाचा अर्धा प्रश्न तोच असतो. महामार्गावर बऱ्या हॉटेलात सोय होते. महामार्ग सोडला की होत नाही, झाली तरी भारतीय पद्धतीची, आणि आईला खाली बसता येत नाही. कमोड खुर्ची नेऊ लागल्यापासून आई रस्त्यात पाणी प्यायला लागली. आधी ती सकाळपासून घोटभरही घ्यायची नाही आणि संध्याकाळी डोकं धरून बसायची. आता मागची आसनं पाडून दोन्ही खुर्च्या तिथे आडव्या ठेवतो. म्हणजे सात आसनी गाडी आमच्यासाठी चार आसनीच आहे, चालक धरून. बाकी माणसं न्यायची असतील तर डिझेलची गाडी मागा किंवा वर कॅरिअर असलेली.

माथेरानला पहिल्यांदा गेलो ते नोव्हेंबरातल्या रविवारी, ही माझी चूक. गाडी दस्तुरीपर्यंतच जाते, त्यापुढे मोटारींना बंदी आहे, हे मला माहीत होतं. पण दस्तुरीच्या आधीच घाटात रांग लागेल हे लक्षात आलं नाही. तासभर गाडी पहिल्या गिअरमध्ये इंच इंच सरकत होती. वर पोचलो तर अमन लॉज स्टेशनहून सुटणाऱ्या शटलच्या, म्हणजे छोट्या रेल्वेच्या, तिकिटांना ही गर्दी, ई-रिक्षालाही तीच. एक हातरिक्षावाला आला, नम्रपणे विचारलं. आईने त्याच्या पायांकडे पाहिलं, लाल धुळीने पोटऱ्यांपर्यंत माखलेले. "नको रे बाळा. मला ओढायला माणूस नको." तो रागावला नाही, पण त्याची रोजी त्यावर होती हेही खरं आणि मला त्या दिवशी काय बरोबर ते कळलं नाही. आम्ही झाडांखाली डबा खाल्ला आणि परत फिरलो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेलो, मंगळवारी. सकाळी सहाला निघालो, सव्वाआठला दस्तुरीला. शटलमध्ये खिडकी मिळाली. गाडी सुटली तशी आई गप्प झाली. ती लहान असताना आजोबांनी तिला नेरळहून या छोट्या गाडीने आणलं होतं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली ही लाइन 1907 पासून आहे. त्याच्याही आधी, 1850 मध्ये, ह्यू मॅलेट नावाच्या कलेक्टरने माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आणलं, आणि तो कलेक्टर ठाण्याचा होता. आईला या गोष्टीचा का कोण जाणे फार अभिमान वाटला.

त्या आठवड्यात अंजनी फुलली होती. तोपर्यंत मी माथेरानच्या झाडांकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. अंजनीची फुलं पानांत शोधायची नसतात, ती थेट फांदीलाच चिकटून येतात, निळ्या-जांभळ्या रंगाचे बारीक घोस, जणू कोणी फांदीला लोकर गुंडाळली आहे. मावशीने एक घोस आईच्या तळहातावर धरला. खाली लाल माती, वर जांभूळ आणि हिरड्याचं छत, मोटारीचा एकही आवाज नाही. पेमास्टर पार्कात आम्ही दोन तास नुसते बसलो. एकही पॉइंट पाहिला नाही. आईच्या मते आजवरच्या फेऱ्यांत ती सर्वांत चांगली.

तेव्हापासून मी एक नियम केला: दिवसात दोनच ठिकाणं. एक बाग किंवा झाडी, एक गाव. पैसे आपण अंतराचे देतो असं वाटतं, पण आमच्यासारख्यांसाठी खरी किंमत थांबण्याची आहे. दादा थांबतात. "ताई, आजींना सावकाश येऊ द्या, मी इथेच आहे," असं म्हणून ते गाडी सावलीत लावतात. ज्या चालकाला पुढचं भाडं गाठायचं असतं तो तोंडाने काही बोलत नाही, पण दर पंधरा मिनिटांनी फोन करतो, आणि आईला ते बरोबर कळतं. गाडी ठरवताना मी आता ठिकाणांची यादी देत नाही. किती तास कुठे थांबणार ते सांगते आणि त्या दिवशी दुसरं भाडं घेतलेलं नाही ना, ते विचारते.

घोलवडच्या चिकूवाडीत जानेवारीत गेलो. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाडीत चाकांची खुर्ची चालत नाही, मातीत रुतते, म्हणून तिथल्या बाईंनी प्लास्टिकची खुर्ची झाडाखाली आणून दिली. टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीने एक मुलगा फळं उतरवत होता. तयार चिकू कसा ओळखायचा ते त्याने आईला दाखवलं: नखाने साल हलकेच खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर काढायला तयार. झाडावर तो पिकत नाही, घरी चार-पाच दिवस ठेवावा लागतो. आईने मग वीस चिकू स्वतः निवडले, एकेक खरवडून, आणि कोणी तिला घाई केली नाही. जाऊन-येऊन अंतर बरंच पडतं, परतताना महामार्गावर अडकलो, घरी पोचायला साडेनऊ झाले. दोन जिने चढताना तिला मधे तीनदा बसावं लागलं. घोलवड पुन्हा करायचं तर तिथे मुक्कामच करावा.

आता जव्हार. भिवंडी-वाडा रस्त्याने गेलो तर खड्ड्यांनी आईची कंबर जाते, म्हणून दादा अहमदाबाद महामार्गाने मनोरपर्यंत आणि मग विक्रमगडवरून नेतात. किलोमीटर वाढतात, पण 300 च्या आत बसतं. जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा जयविलास राजवाडा बाहेरून पाहिला, बरा वाटला, पण आमचं मन रमलं ते पुढच्या गावात. मोखाड्याच्या बाजूला डोंगरमाथ्यावर पंचवीस-तीस घरांचं गाव आहे. दादांच्या ओळखीच्या एका घरी आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगितलं होतं. त्या गावाचं नाव इथे देत नाही, कारण तिथे हॉटेल नाही आणि उगाच गर्दी झालेली त्यांना झेपणार नाही.

डिसेंबरात पहिल्यांदा गेलो तेव्हा निम्म्याहून जास्त घरांना कुलपं होती. या भागातली माणसं दिवाळीनंतर भात झोडून झालं की वीटभट्ट्यांवर नि रेतीच्या कामावर जातात, भिवंडी, वसईकडे, आणि होळीला परततात. म्हातारी माणसं आणि काही लहान मुलं तेवढी मागे. आपल्या इमारतींच्या विटा कुठून येतात ते मला त्या बंद दारांसमोर उभं राहिल्यावर कळलं. होळीनंतर पुन्हा गेलो तर तेच गाव भरलेलं. मोहाची फुलं पडत होती. ती पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचायची. आम्ही पोचेपर्यंत दहा वाजले होते आणि अंगणात चटईवर फुलं वाळत पसरली होती, फिकट पिवळी, रसदार, द्राक्षासारखी. घरातल्या आजींनी एक फूल आईच्या हातावर ठेवलं. आईने खाल्लं आणि डोळे मिटले. "गुळासारखं लागतं," म्हणाली.

जेवायला नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, भात, ठेचा. आई ओट्यावर आणि त्या आजी उंबऱ्यावर बसून दोघी गुडघ्यांबद्दल तासभर बोलल्या. त्या आजींचं वय कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी निरगुडीचा पाला गरम करून बांधायला सांगितला. आई आता रोज बांधते, तिला बरं वाटतं. चौघांच्या जेवणाचे त्यांनी चारशे सांगितले, आम्ही सहाशे दिले आणि दादांनी मला परत येताना समजावलं की पुढच्या वेळी ठरलेलेच द्या, जास्तीचं द्यायचं तर तांदूळ-तेल आणा, नाहीतर पुढच्या माणसाकडून मागायला त्यांनाच अवघड जातं. मला ते पटलं. मुलांचे फोटो काढू नका, विचारल्याशिवाय तर नाहीच.

गाडीबद्दल अजूनही तक्रारी आहेत. सीएनजी पंपावर रांग लागते. एकदा पाऊण तास गेला आणि तो वेळ आमच्या बारा तासांत धरला होता. आता आदल्या रात्री गॅस भरून ठेवायचा असं ठरलं आहे. घाट चढताना दादा एसी बंद करतात, इंजिन तापतं म्हणून. एप्रिलमध्ये मावशीला ते सोसलं नाही. गाडीची पायरी आईसाठी उंच होती. त्यावर मावशीने उपाय काढला: देवघरातला जुना शिसवी पाट आणला, खाली दोन रबरी पट्ट्या चिकटवल्या, आणि त्यावर पाय देऊन आई चढते. दादा पाट ठेवतात, पायाने दाबून धरतात, आईला हात देतात.

जूनमध्ये माळशेजला जायचं होतं. पहिला मोठा पाऊस झाला आणि मी फोन करून रद्द केलं. दरडींच्या दिवसांत चाकांची खुर्ची घेऊन घाटात अडकायची माझी तयारी नाही. दादांनी आगाऊ घेतलेले हजार रुपये त्याच दिवशी परत पाठवले. त्याऐवजी त्या महिन्यात पाऊस उघडल्यावर आम्ही येऊरच्या पायथ्यापर्यंत गेलो, तीन तास, गाडीतच बसून शेंगा खाल्ल्या.

पावसाळाभर आमच्यासाठी घाट बंद. ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारची गाडी सांगून ठेवली आहे, पुन्हा ओवळ्याला. फुलपाखरांची बाग त्या वारी उघडी नसेल तर वार बदलायचा, एवढं विचारायचं बाकी आहे.