तिसरीच्या वर्गात लेखी चाचणी की तोंडी तपासणी?

महाराष्ट्रात तिसरी-चौथीला आकारिक (सत्रभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनाचे 60 गुण आणि संकलितचे (सत्राच्या शेवटी होणाऱ्याचे) 40. त्या 40 मध्येही 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे. तरी वर्गात आधी निघतो तो चाचणीचा कागदच. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: तोंडीला वेळ कुठे आहे?

30 मुलांचा वर्ग धरू. लेखी चाचणी 40 मिनिटांची, वर प्रत्येक पेपर तपासायला 3 मिनिटे. झाले दोन तास दहा मिनिटे. तोंडीला दर मुलामागे 5 मिनिटे धरली तर अडीच तास. म्हणजे वेळ जवळपास तेवढाच जातो. खरी पंचाईत उरलेल्या 29 जणांना गुंतवून ठेवण्याची. त्यामुळे रोज सात-आठ मुले घ्यावीत; चार दिवसांत वर्ग होतो. दोन इयत्ता एकत्र बसत असतील तर आठवडा धरा.

वाचनासाठी तोंडीच. लेखी पेपरात मूल प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात हुडकते, ती ओळ जशीच्या तशी उतरवते आणि पूर्ण गुण घेऊन जाते. वाचता येते की नाही ते कळतच नाही. तोंडीत उतारा पाठ्यपुस्तकातला नको, तो अनेकांना तोंडपाठ असतो. ‘असर’ची (ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाची) रीत सोयीची आहे: सुरुवात परिच्छेदापासून. सहज वाचला तर गोष्ट द्या, अडखळले तर सुटे शब्द, तेही जमेनात तर अक्षरे. शब्द आणि अक्षरे पाचपैकी चार आली की तो टप्पा जमला. रांगेतली मुले ऐकून पाठ करतात, म्हणून दोन-तीन वेगळे उतारे हाताशी ठेवा. ‘पाणी’चे ‘पानी’ झाले तर ती घरची बोली आहे, चूक मोजू नका. आणि मूल अडले की पुढचा शब्द आपणच पुरवायची शिक्षकी सवय आवरा; तपासणी तिथेच फसते.

गणितात मात्र लेखीचे पारडे जड, कारण कागदावर चुकीचा माग राहतो. 52 − 27 = 35 लिहिणारे मूल मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे; हातचा त्याला कळलेलाच नाही. 24 लिहिले असेल तर बोटांवर मोजताना एक निसटला की आणखी काही, हे कागद सांगत नाही. अशा चार-सहा मुलांना जवळ बोलावून ‘कसे केलेस?’ विचारावे. पेपरांवर नुसते गुण टाकण्याऐवजी चुकीच्या प्रकारानुसार गठ्ठे करा. शाब्दिक उदाहरणे स्वतः मोठ्याने वाचून दाखवा, नाहीतर गणिताऐवजी वाचनाचीच परीक्षा होते. संख्यांचे श्रुतलेखनही घ्या: ‘त्रेपन्न’ ऐकून 35 लिहिणारी मुले तिसरीतही सापडतात, कारण मराठीत एकक आधी बोलला जातो.

परिसर अभ्यासात वाद घालण्याइतका फरक नाही; नकाशा, नोंदी, गटकार्य चालते.

नोंदवहीत ‘प्रगती समाधानकारक’ लिहिणे म्हणजे रकाना भरणे. ‘रफाराचे शब्द सोडून देतो’ किंवा ‘हातच्याची वजाबाकी चुकते’ असे लिहिले तर पुढचा तास ठरवता येतो. सत्रात एकच फेरी जमणार असेल तर ती दिवाळीच्या सुट्टीआधी निदान सहा आठवडे घ्या, म्हणजे एकाच जागी अडलेल्या मुलांचा गट करून शिकवायला दिवस हाती राहतात.