पाणी पास, रस्सा काठावर पास, मिसळ नापास

हा रिव्ह्यू पाणी घट्ट करायच्या पावडरीचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन वेगळे डबे वापरल्यावर माझं मत असं झालंय की पुढच्या नावापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचावीत.

मला पार्किन्सन्स आहे. हात थरथरतात ते लोकांना दिसतं, घसा मंदावतो ते दिसत नाही. पाणी पळतं आणि घसा मागं राहतो. श्वासनलिका बंद व्हायच्या आत पाणी तिथं पोचतं आणि ठसका लागतो. कधीकधी ठसकाही न लागता ते खाली उतरतं, ते जास्त वाईट, कारण पुढं न्यूमोनिया होऊ शकतो. घट्ट पेय सावकाश जातं, घशाला वेळ मिळतो. माझ्या गिळण्याच्या थेरपिस्ट मॅडमनी तपासून मला पेयांसाठी घट्टपणाची 'लेव्हल २' ठरवून दिली. तुमची लेव्हल तुमच्या थेरपिस्टनीच ठरवायची, माझी उचलू नका.

ह्या लेव्हली आयडीडीएसआय नावाच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यातल्या. ० ते ७ अशा आठ पायऱ्या, पेयं ० ते ४ आणि खाणं ३ ते ७. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मेडिकलवाल्याला मी हे सांगत बसलो, तर त्यानं शांतपणे प्रोटीन पावडर काढून दिली. व्हॅनिला.

पहिला डबा स्टार्चचा मिळाला. स्वस्त. पाण्यात ढवळला की लगेच घट्ट, पण ठेवला की आणखी घट्ट होत जातो, आणि चव कांजीची. खरी अडचण वेगळीच. आपल्या लाळेत स्टार्च पचवणारं अमायलेज असतं. तोंडातला चमचा परत वाटीत बुडवत राहिलं की वाटीतलं हळूहळू पातळ होतं. वरची साय तशीच दिसते आणि तळाला पाणी. नाचणीच्या आंबिलीचंही तेच, म्हणून आता आंबील दोन वाट्यांत थोडी थोडी घेतो. दुसरा डबा झँथन गमचा. डब्यावर घटकांत ४१५ हा आकडा शोधा, तोच तो. ह्याला लाळ काही करत नाही, पाणी गढूळही होत नाही. महाग आहे, लय महाग.

आता मोजणी. मी एसटीत कंडक्टर होतो, सुट्टे मोजल्याशिवाय खिशात टाकायची सवय नाही. डब्यावरचं 'एवढ्या पाण्याला एवढे चमचे' हे पाण्याचं गणित. आपल्या घरात पाण्यापेक्षा चहा, ताक नि रस्साच जास्त. म्हणून १० मिलीची साधी सिरिंज आणायची, सुईशिवाय. आधी पट्टी लावून बघा : ० ते १० च्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर पाहिजे, सगळ्या सिरिंजांचं तसं नसतं. दट्ट्या काढा, खालच्या तोंडावर बोट धरा, १० पर्यंत पेय भरा, बोट काढा, १० सेकंदांनी परत बोट लावा. ४ ते ८ मिली उरलं तर लेव्हल २. १ ते ४ उरलं तर लेव्हल १, ८ च्या वर उरलं पण थोडं तरी गळलं तर लेव्हल ३. थेंबही गळला नाही तर ४. माझ्या हातात सिरिंज ठरत नाही, म्हणून सिरिंज बायको धरते आणि मोबाइलवर सेकंद नात मोजते. "आबा, सहा उरलं, प्या!" असा हुकूम सुटल्यावरच मी ग्लास उचलतो.

पाणी पहिल्या फटक्यात पास. चहासुद्धा, पण ज्या गरमपणावर पिणार त्याच गरमपणावर मोजायचा. दूध लबाड आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन वाढलेला माणूस मी, त्यामुळं दूध सोडवत नाही. झँथन दुधात सावकाश फुगतं. ढवळल्यावर बघावं तर पातळच, मग लोक अजून एक चमचा टाकतात आणि थोड्या वेळानं ग्लास उपडा केला तरी दूध पडत नाही. थांबा, परत मोजा, मगच ठरवा.

पांढरा रस्सा नारळाच्या दुधामुळं आधीच जरा जड असतो, त्याला पावडर कमी लागली. तो गाळूनच घ्यायचा, खसखशीचा चोथा घशात रेंगाळतो. तांबड्याला जास्त लागली. लेव्हल जमली, पण तिखटाचा झणका बोथट होतो आणि जिभेवर बुळबुळीतपणा राहतो. पाव्हणे आले की मी काठावर पास म्हणतो. एकट्यानं खायचा असेल तर नापास.

मिसळ मात्र बाद. पातळ कट आणि त्यात कडक फरसाण, हे एकाच घासात दोन वेगळे प्रकार. कट आधी पळतो आणि चावायचं तोंडात राहून जातं. पाव तर लाळेत भिजून गोळा होतो आणि अडकतो. नुसता गाळलेला कट घट्ट करून बघितला. गाळलेल्या कटाला मिसळ म्हणायचं धाडस कोल्हापुरात कुणी करू नये. आइस्क्रीमही बाद, तोंडात वितळलं की साधं पाणीच.

खाण्यात मला लेव्हल ५. म्हणजे ओलसर, बारीक, ४ मिलिमीटरपर्यंतचे कण. साध्या काट्याच्या दोन दात्यांमधली फट साधारण तेवढीच असते, त्यामुळं मोजपट्टी ताटातच मिळते. आजरा घनसाळ तांदळाची मूगडाळ घालून मऊ खिचडी ह्यात बसते. चिकट गोळाही नको आणि शितं सुटीही नकोत. चमचा तिरका केला की सगळी एकदम घसरून पडली पाहिजे.

पाचपैकी साडेतीन तारे, झँथनच्या डब्याला. एक तारा किमतीला कापला, अर्धा डब्याच्या झाकणाला. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत झाकण जरा सैल राहिलं की पावडरीचे खडे होतात आणि ते पाण्यात कितीही ढवळले तरी डोळ्यांसारखे तरंगत राहतात. पावसाळ्यात डबा वेगळ्या बरणीत कोंबा आणि चमचा कोरडाच घाला. लग्नाकार्याला न्यायला छोट्या पुड्या मिळतात म्हणे, इथं अजून कुठल्या दुकानात दिसल्या नाहीत. कुणाला दिसल्या तर कळवा.