योगा मॅटचा पापुद्रा निघाला: जळगावातल्या स्टुडिओचा सहा महिन्यांचा अनुभव

परवा सकाळी अधोमुख श्वानासनातून बाहेर येताना उजवा तळहात उचलला, तर हाताबरोबर मॅटचा हिरवा पापुद्रा उचलून आला. तळहाताएवढा वरचा थर सुटला होता, खालचा फोम पिवळा पडला होता, आणि बोटं टेकतात तिथे चार खड्डे. २,४९९ रुपयांची मॅट. ऑक्टोबरच्या ६ तारखेला घेतलेली.

मॅट स्टुडिओतूनच घ्यावी लागली. घरून आणलेली चालत नाही, 'हायजीन'चा नियम आहे म्हणे. मी घरची सतरंजी धुऊन, घडी करून नेली होती. रिसेप्शनवरच्या मुलीने ती हातातही घेतली नाही. सहा महिन्यांचं पॅकेज ९,००० रुपये, वर जीएसटी, मॅट, ६५० चा टी-शर्ट. कंबरेच्या दुखण्याने डॉक्टरांनी योगासनं सांगितली होती, म्हणून मुकाट भरले. सासूबाई अमळनेरच्या. मॅटचं बिल ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, "चटईना इतला पैसा व माय?"

त्यांचं बरोबरच होतं. चटई म्हटली की जळगावचं नाव निघतं, एमआयडीसीतून गाड्या भरभरून चटया बाहेर जातात. त्या गावात मी बाहेरून आलेली मॅट अडीच हजाराला घेतली. आपली प्लास्टिकची चटई आसनांना सोयीची नाही हे मान्य, टाइल्सवर घसरते आणि तिची वीण गुडघ्यांवर उमटते. पण म्हणून ही?

मॅटच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात 'नैसर्गिक, पर्यावरणपूरक' आणि मागे बारीक अक्षरात 'टीपीई' असं छापलंय. माझा भाचा प्लास्टिकच्या कारखान्यात आहे. त्याने एका वाक्यात सांगितलं, मावशी, हे उष्णतेने मऊ होणारं प्लास्टिकच आहे, रबरासारखं लवचिक. यात निसर्गाचं काय आहे ते मला कोणी समजावून सांगावं. तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं, 'उन्हात ठेवली असेल, थंड आणि कोरड्या जागी ठेवायची असते.' हो, गॅलरीत ठेवली होती. दोन खोल्यांच्या घरात आणखी कुठे ठेवणार? मार्च संपता संपता इथे पारा चाळिशी ओलांडतो, एप्रिल-मेमध्ये ४४-४५ वर जातो. थंड जागा असती तर आधी मीच जाऊन बसले असते. जळगावात विकायची वस्तू जळगावच्या उन्हात टिकायला नको का? मॅट बदलून मिळाली नाही.

जीएसटीचं प्रकरण जानेवारीतलं. कपाट आवरताना बिल हाती लागलं. त्यावर १८ टक्के लावलेले, म्हणजे १,६२० रुपये. जिम आणि योग वर्गांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय, आणि मी पैसे भरले ऑक्टोबरमध्ये. व्हायला हवे होते ४५०. जास्तीचे ११७० कुठे गेले, असं विचारलं तर 'सॉफ्टवेअरमध्येच तसं आहे, मॅडम'. तीन वेळा हेच ऐकलं. मग ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, तक्रार नोंदवली, तिचा नंबर स्टुडिओला पाठवला. तीन आठवड्यांनी पैसे खात्यावर आले. माझ्या बॅचला अठरा बायका आहेत. सगळ्यांनी आपापली बिलं काढून बघा, एवढंच सांगते.

इथपर्यंत रागात लिहिलं होतं. दोन दिवसांनी पुढचं लिहितेय, कारण एक गोष्ट राहिली तर अन्याय होईल.

कंबर बरी आहे. ऑक्टोबरमध्ये मला सकाळी पलंगावरून कूस बदलून, हात टेकून उठावं लागायचं. आता सिलेंडर सरकवते. हे शिकवणाऱ्या ताईंमुळे झालं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पाठीमागे उभं राहून दोन बोटं माकडहाडाच्या वर ठेवली आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही कंबरेतून वाकताय. इथून वाका, मांडीच्या खोबणीतून." सहा महिन्यांत हे वाक्य त्यांनी शंभरदा तरी म्हटलं असेल, आणि एकदाही आवाज चढला नाही. फीचा खरा मोबदला मला त्या दोन बोटांतून मिळाला. फी घेण्याला माझा विरोध नाही. शिकवणाऱ्याचं घर चाललंच पाहिजे, फुकट शिकवा म्हणणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही. विरोध आहे तो दारातच मॅट आणि टी-शर्ट गळ्यात मारण्याला. आमच्या कामवाल्या मावशींची कंबर माझ्याहून जास्त दुखते. त्यांनी या दारातून आत कसं यायचं?

मॅटशिवायही योग होत आलाय. पतंजलींनी योगसूत्रांत आसनाबद्दल 'स्थिरसुखमासनम्' म्हटलं, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, आसनावर सगळी मिळून तीन सूत्रं आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात बैठक सांगितलीय ती कुश, मृगाजिन आणि वस्त्राची, त्या काळी हाताशी असलेली. पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार घोंगड्या, खुर्च्या, पट्टे, दोर वापरायचे. आणि ज्यांचा आपल्याला अभिमान असायला हवा ते स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, अमळनेरला शिक्षणकार्यात होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली, आसन-प्राणायामाने शरीरात काय घडतं ते प्रयोगशाळेत तपासलं, क्ष-किरणसुद्धा लावून पाहिले. आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर समुद्रकिनाऱ्यावरच्या गोऱ्या बाईचा फोटो आहे. खानदेशात काम केलेल्या या माणसाचा नाही. मी विचारलं तर तिथे त्यांचं नावही कुणाला माहीत नव्हतं, हे मला मॅटपेक्षा जास्त लागलं.

मॅट फाटल्यापासून घरी सतरंजीवर करते. पहिल्या दिवशी ती टाइल्सवरून सरकली आणि मी जवळजवळ तोंडावर आपटले. ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, टाचा भिंतीला टेकवा, सतरंजीचं टोक हातांखाली दुमडून घ्या. आता तसूभर हलत नाही. घाम टिपते, साबणाने धुते, गच्चीवर तासाभरात वाळते. वीस वर्षं जुनी आहे, काठ थोडा उसवलाय, तेवढाच.

काल पॅकेजच्या नूतनीकरणाचा मेसेज आला, सोबत नव्या मॅटवर २० टक्के सूट. मी उलट लिहिलंय: फी पूर्ण भरते, ५ टक्के कर धरून. वर्ग त्याच ताईंचा हवा, आणि सतरंजी मी घरून आणणार. अजून उत्तर आलेलं नाही. आलं की इथे लिहीन.