एफ-१५० चा आवाज: नुसता सायलेन्सर बदलावा की मागचा अख्खा पाइप?

डॅलसच्या आसपास आपल्यापैकी कुणी फोर्ड एफ-१५० ही पिकअप गाडी घेतली की महिनाभरात हा प्रश्न येतोच. ५ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन हौसेनं घेतलेलं असतं, पण कारखान्यातून आलेली गाडी अगदीच गप्प वाटते. (३.५ लिटर इकोबूस्टवाल्यांनी, म्हणजे टर्बोवाल्या व्ही-६ इंजिनवाल्यांनी अपेक्षा आधीच कमी ठेवावी. तिथे टर्बो बराच आवाज गिळतो आणि व्ही-६ ला व्ही-८ चा खर्ज कुठल्याच पाइपाने येत नाही.)

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सायलेन्सर कापून सरळ पाइप जोडणं. तो मी विचारातही घेत नाही. टेक्सासच्या कायद्यानुसार गाडीला चालू स्थितीतला सायलेन्सर असावाच लागतो, आणि पहाटे साडेपाचला गाडी काढताना अख्खी गल्ली जागी करण्याचा हक्क आपल्याला नाही.

खरी निवड उरते ती दोन गोष्टींत.

मी आधी नुसता सायलेन्सर बदलला. फ्लोमास्टरचा, कप्प्यांचा. ह्या डब्यात आत लोखंडी पडदे असतात, त्यांच्यावर आपटून आवाजाच्या लाटा एकमेकींना मारतात. कारागिराने गाडी वर घेतली, जुना डबा कापला, नवा वेल्ड केला. तासाभराचं काम, मजुरीसह साधारण अडीचशे डॉलर. किल्ली फिरवल्यावर जी गुरगुर आली, ती ऐकून अंगावर काटा आला. जुन्या अमेरिकन गाड्यांचा तो जाड, तुटक आवाज हवा असेल, तर ह्या डब्याची सर दुसऱ्या कशालाच नाही.

पण पुढच्याच आठवड्यात आईला घेऊन ऑस्टिनला निघालो. हायवेवर ताशी ७० मैलांवर गाडी स्थिरावली आणि आत एकसारखं घूंऽऽ सुरू झालं. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, कानात दडे बसल्यासारखं होतंय." गणित सोपं आहे: व्ही-८ मध्ये इंजिनाच्या दर फेऱ्याला चार स्फोट होतात. मिनिटाला १८०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० ठोके, आणि नेमका हाच खालचा सूर बंद केबिनमध्ये घुमतो. २०२१ पासूनच्या ५ लिटर इंजिनात हलक्या भारावर काही सिलिंडर बंद होतात. मग तो सूर आणखी खाली जातो आणि जास्तच त्रास देतो.

दुसरा पर्याय कॅट-बॅक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (इंजिनाचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) मागचा सगळा पाइप सायलेन्सरसकट बदलणं. मॅग्नाफ्लो किंवा बोर्लाच्या ह्या संचांत बहुतेक आरपार सायलेन्सर असतो: मधून भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती आवाज शोषणारं भरण. आवाज भरदार, पण गोलसर. किंमत ९०० ते १५०० डॉलर, म्हणजे साडेतीनपट ते सहापट. मात्र बहुतेक संच क्लॅम्पने बसतात, त्यामुळे जुना पाइप नीट काढून ठेवला तर गाडी विकताना परत लावता येतो. न्यू जर्सी किंवा मिशिगनला राहत असाल, तर रस्त्यावरच्या मिठाचा विचार करा आणि गंजाला जास्त टिकणारं ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टीलच घ्या. आमच्याकडे साधं ४०९ पुरतं.

कन्व्हर्टरला मात्र हात लावू नका. तो काढणं साऱ्या अमेरिकेत बेकायदा आहे. डॅलस, ह्यूस्टनकडे सुरक्षा तपासणी २०२५ पासून बंद झाली असली तरी धुराची चाचणी चालूच आहे.

रोज ऑफिस, शनिवारी मुलांचे वर्ग आणि वर्षातून चार लांबचे प्रवास, असं ज्याचं आहे त्याला मी कॅट-बॅकच सांगेन. पैसे साठेपर्यंत सहा महिने थांबावं लागलं तरी चालेल. गाडी फक्त गावात चालत असेल, तर कप्प्यांचा सायलेन्सर बिनधास्त लावा.

पैसे देण्याआधी तसाच संच बसवलेली कुणाची तरी एफ-१५० गाठा. व्हिडिओत गाडी सुरू होतानाचा आवाजच ऐकवतात. तुम्ही खिडक्या बंद करून हायवेवर दहा मिनिटं मागच्या सीटवर बसा.