नमुना खरा, खोकं खोटं: एस्तेलीतला माझा अनुभव

फेब्रुवारी २०१९ मध्ये मध्य अमेरिकेत, निकाराग्वातल्या एस्तेली या सिगारच्या गावात नकली सिगार गळ्यात मारून माझी ३०० डॉलरला फसवणूक झाली. पैशाचं दुःख केव्हाच ओसरलं. पण मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलाला अगदी तशाच पद्धतीने गाठलं, तेच शब्द, तीच खोकी. म्हणून झालं ते सगळं सविस्तर लिहितो आहे.

मी मूळचा निपाणीचा. आमच्याकडे पिकते ती विडीची तंबाखू, सिगारचा तिच्याशी संबंध नाही, पण वास तर ओळखीचा. आजोबांची चार एकर तंबाखू होती. १९८१ च्या आंदोलनात ते पुणे-बंगलोर रस्त्यावर शेतकऱ्यांबरोबर बसले होते. वडील वखारीत हिशेबाला होते. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायचो. बायका तंबाखू चाळत असायच्या, त्या धुरळ्याने शिंका यायच्या. हे सांगण्याचं कारण असं, की तंबाखूच्या बाबतीत मला कोणी फसवेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

सिगारची गोडी लागली ती ह्यूस्टनला. नवीन आलो तेव्हा ज्यांच्या घरी सहा महिने राहिलो, त्या काकांनी शिकवलं. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवायचा, थोडासा नाकावाटे सोडायचा. मिनिटाला एक झुरका, त्याहून घाई केली तर सिगार तापते आणि कडू होते. वर्षाला चार-पाच, याहून जास्त मी ओढत नाही. ज्याला सवय नाही त्याने लावून घ्यावी असंही मी म्हणणार नाही, तंबाखू ती तंबाखूच. पण ज्याला चव कळली आहे त्याच्यासाठी एस्तेली म्हणजे पंढरी आहे.

मानाग्वाहून पॅन-अमेरिकन हायवेने उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटर. फेब्रुवारी म्हणजे तोडणीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब लाकडी कोठारं, आत पानं दांड्यांना उलटी टांगलेली. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातून बाहेर पडलेले तंबाखूवाले बियाणं आणि हातचं कसब घेऊन इथे आले. १९६८ साली होया दे निकाराग्वा ही सिगार कंपनी सुरू झाली. पुढे १९७९ च्या लढाईत एस्तेलीवर बाँब पडले, १९८५ पासून पाच वर्षं अमेरिकेने या देशाचा माल बंद ठेवला, आणि एवढं सोसूनही गावाने धंदा टिकवला. कामगारांशी बोलताना हा अभिमान जाणवतो, आणि मला तो फार भावला.

सकाळी एका कारखान्यात रीतसर फेरी घेतली. पिलोन, म्हणजे पानांची कमरेच्या वर जाणारी थप्पी, तिथे पान आपल्याच उष्णतेने आंबतं. थप्पीच्या पोटात हात घातला तर चटका बसावा इतकी ऊब. अमोनियाने डोळ्यांतून पाणी येत होतं. थप्पी फार तापली की मोडून, आतलं पान बाहेर आणि बाहेरचं आत करून पुन्हा रचतात. मग वाळवणं, वर्गवारी, आणि वर्षानुवर्षं मुरवणं. वळणाऱ्यांच्या खोलीत दोघादोघांची जोडी बसते. एक जण आतली लांब पानं, त्रिपा, हातात पंख्यासारखी दुमडून घेतो आणि कापोते या पानात बांधतो. दुसरी, बहुतेक बाईच, त्यावर सगळ्यात देखणं पान, कापा, तिरकं ओढत गुंडाळते आणि चावेता नावाच्या चंद्रकोरी पात्याने कापून टोकाला टोपी बसवते. झाडाच्या शेंड्याचं पान लिहेरो. ते जाड, जोरदार, सावकाश जळणारं, म्हणून ते मधोमध जातं. मी तासभर नुसता बघत उभा होतो. निपाणीला विड्या वळणाऱ्या मावशींची बोटं अशीच चालायची.

बाहेर पडलो तर फाटकापासून पन्नास पावलांवर एक माणूस भेटला. पन्नाशीचा, बोटांवर तंबाखूचे डाग, अंगात कामगाराचा शर्ट. म्हणाला, मी वीस वर्षं पिलोनवर आहे, तुला आत बघितलं, तू पान हातात कसं धरलंस ते बघितलं, तू तंबाखूवाल्याचा मुलगा आहेस ना? माझी स्पॅनिश कामापुरती. पण एवढं कळलं आणि मन भरून आलं. मी त्याला वखार सांगितली, आजोबांची शेती सांगितली. त्याने खांद्यावर हात टाकला, एर्मानो म्हणाला, भाऊ. आज विचार केला तर उघड दिसतं, की हाताने पान चाचपणारा प्रत्येक पाहुणा त्याच्या लेखी तंबाखूवाल्याचाच मुलगा असणार.

त्याच्या घराच्या मागच्या अंगणात आंब्याच्या झाडाखाली दोन खुर्च्या. बायकोने कॉफी आणली. त्याने एक उघडं खोकं काढलं, पाद्रोन १९२६. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. होसे ओर्लांदो पाद्रोन क्यूबा सोडून मायामीला आले, १९६४ मध्ये तिथे सिगार करू लागले आणि १९७० मध्ये निकाराग्वात उतरले. १९२६ हे त्यांचं जन्मवर्ष. त्या मालिकेतलं पान पाच वर्षं मुरवलेलं असतं. ह्यूस्टनला तेव्हा एकेक सिगार वीस डॉलरच्या वर पडायची.

त्याने त्यातली एक मला दिली. ती खरी होती, आणि सगळा डाव त्या खरेपणावरच उभा होता. ह्या प्रकारातली सिगार दाबून चौकोनी केलेली असते, बोटांत चौकटीसारखी बसते. न पेटवता ओढली तर कोको आणि सुक्या गवताचा वास. कड नुसती शेकून हळूहळू पेटवली. पहिल्या भागात मिरी, जिभेच्या कडेला चुरचुर, नाकातून धूर सोडला की डोळ्यांत किंचित पाणी. बोटभर जळल्यावर ती मिरी मागे सरली आणि कडक कॉफी, भाजलेला सुकामेवा, मागून मातीचा गोडवा आला. शेवटच्या भागात जोर वाढला, पण कडूपणा कुठेच नाही. राख करडी, घट्ट, इंचभर झाली तरी पडेना. लांब अखंड पानं आत असली की राख अशी धरून राहते. सव्वा तास लागला. तेवढा वेळ तो माणूस शेजारी शांत बसून होता. मध्येच म्हणायचा, आता गोड लागेल बघ, आणि खरंच लागायचं.

एखादा माणूस आपल्यासाठी सव्वा तास देतो, तेव्हा त्याच्यावर अविश्वास दाखवणं आपल्याला जड जातं.

मग त्याची गोष्ट आली. कामगारांना महिन्याला आपल्या वाट्याची सिगार मिळते, आम्ही ती साठवून खोकी भरतो, दुकानात हाच माल तिप्पट. दोन खोकी, ३०० डॉलर, रोख. मी उघडून बघायला हात पुढे केला तर त्याने माझं मनगट प्रेमाने धरलं. म्हणाला, कागदी पट्टी लावून बंद केलीत, ओलावा उडून जाईल, घरी जाऊन ओलावा राखणाऱ्या पेटीत ठेवतानाच उघड. सिगारला सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते हे मला माहीत होतं, त्यामुळे ते पटलं. अर्धवट माहिती असलेल्याला अशी सबब चटकन पटते. दोन मिनिटं झाकण उघडल्याने कुठल्याही सिगारला काही होत नाही.

ह्यूस्टनला परतलो आणि एक खोकं तसंच बंद काकांना नेऊन दिलं, त्यांच्या पंचाहत्तरीला. घरात वीस माणसं होती. काकांनी सगळ्यांसमोर पट्टी फाडली, वास घेतला, मला जवळ बोलावून पाठीवर थाप मारली आणि एक पेटवली. तीन झुरके. मग ती राखदाणीच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, "राहू दे रे, घसा जरा बसलाय आज. उद्या निवांत ओढतो." सगळ्यांना पटलं. मला पटलं नाही. बंद खोलीत ओल्या पोत्याला आग लागावी तसा वास पसरला होता, आणि राख चुऱ्यासारखी टेबलावर पडली होती.

रात्री घरी दुसरं खोकं उघडलं. दिव्याखाली चोवीस सिगार ओळीने मांडल्या. पाद्रोनच्या या मालिकेत प्रत्येक सिगारवर नावाच्या कागदी पट्टीखेरीज दुसरी पट्टी असते, तिच्यावर त्या सिगारचा स्वतःचा क्रमांक. नकली माल येऊ लागला म्हणूनच कंपनीने ती सुरू केली. माझ्यासमोरच्या चोवीसच्या चोवीस पट्ट्यांवर एकच क्रमांक होता. मी पुन्हा पुन्हा वाचला. एस्तेलीत ओढलेल्या सिगारची पट्टी आठवण म्हणून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली होती, ती काढली. तिच्यावरचा आकडा वेगळा.

मग एक सिगार उभी चिरली. आत लांब पान एकही नाही. चुरा, शिरांचे तुकडे, काडी, पोत्याचा एक तागाचा धागा. निपाणीला काडी वेगळी काढून टाकतात, ती इथे मधोमध भरलेली. आतल्या बांधणीला तपकिरी कागदासारखं काहीतरी होतं, पाण्यात टाकलं तर त्याचा लगदा झाला. वरच्या पानावरून ओला कापूस फिरवला तर काळपट रंग भरभरून उतरला. गडद पानाचा थोडा रंग खऱ्या सिगारलाही लागतो, तेवढ्यावर कोणी निकाल देऊ नये. पण इथे कापूस शाईत बुडवल्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन ओळखीच्या सिगारवाल्याकडे गेलो. त्याने आपल्या कपाटातलं खरं खोकं शेजारी ठेवलं. खऱ्या पट्टीवरचं सोनेरी काम बोटाला उठाव देतं, माझ्या खोक्यातलं सपाट. माझी ती एकटी पट्टी मात्र त्याने भिंगातून पाहिली आणि सांगितलं, ही अस्सल आहे.

तेव्हा उलगडा झाला. त्या माणसाने एखादं खरं खोकं विकत घेतलेलं असणार. त्यातली एकेक सिगार तो एकेका गिऱ्हाइकाला पाजतो, आणि प्रत्येकामागे दोन खोटी खोकी खपवतो. वीस डॉलरचा नमुना, तीनशेचा गल्ला. व्यापाऱ्याला तंबाखू दाखवताना बोदाच्या, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्याच्या, वरच्या थरात चांगलं पान ठेवणारे लोक आमच्याकडेही होते. आजोबा म्हणून तर कोपरापर्यंत हात आत घालून तळातलं पान ओढायचे. मी हे लहानपणी शंभरदा पाहिलं आहे, आणि अंगणातल्या खुर्चीत बसून ते पार विसरलो.

एस्तेलीला जरूर जा, फेरी घ्या, पण सिगार घ्यायची ती कारखान्याच्या स्वतःच्या दुकानातून किंवा पावती देणाऱ्या दुकानातून. खोकं तिथेच उघडा. उघडू देत नसेल तर तिथेच उठा. वरची ओळ उचलून खालच्या ओळीतली सिगार हातात घ्या, पट्ट्यांवर क्रमांक असतील तर दोन-तीन ताडून बघा. पायाकडून, म्हणजे पेटवायच्या बाजूने, आत डोकवा. लांब पानं असली तर वहीच्या दुमडलेल्या पानांसारख्या घड्या दिसतात, चुरा असला तर बोटाने टिचकी मारताच तळहातावर कण पडतात. कामगारांना ओढायला एखाद-दुसरी मिळत असेल, पण पट्ट्या लावलेली, सीलबंद महागडी खोकी कोणा कामगाराच्या घरातून निघत नाहीत. आणि घरी नेऊन आपलेपणाने पाजलेली सिगार कितीही उत्तम असली, तरी विकत घ्यायचं खोकं वेगळं आहे हे डोक्यात ठेवा.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत आता हाच माल फोनवर फोटो पाठवून विकला जातो. निकाराग्वाचं, क्यूबाचं, काय हवं ते. भारतात रीतसर विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा लागतो, परदेशी सिगारचं खोकंही त्याला अपवाद नाही. लखलखीत, इशारा नसलेलं खोकं कोणी विकत असेल तर तो माल एकतर चोरवाटेने आलेला किंवा नकली. दोन्हीत तक्रार करायला जागा नाही.

काकांना मी आठवड्याने जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, पहिल्या झुरक्यातच कळलं होतं, पण तुझा चेहरा बघून बोलवेना. मग आत जाऊन त्यांनी स्वतःच्या पेटीतली एक आणली, मधोमध कापली, अर्धी मला दिली, आणि आम्ही दोघं मागच्या ओट्यावर बसून ओढली.

उरलेल्या सगळ्या सिगार मी फेकून दिल्या. उभी चिरलेली ती एक तेवढी काचेच्या बाटलीत ठेवली आहे, आतली काडी आणि तागाचा धागा दिसेल अशी. कोणी खोक्याचा फोटो पाठवून "स्वस्तात मिळतंय, घेऊ का?" असं विचारलं, की मी तिचा फोटो उलट पाठवतो.