टिलरसन आणि सेशन्स: दोन हकालपट्ट्या, दोन प्रतिक्रिया

2018 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी दोन बडे मंत्री घालवले. 13 मार्चला परराष्ट्रमंत्री टिलरसन यांची गच्छंती ट्विटवरून जाहीर झाली. चर्चा झाली ती मुख्यतः अपमानास्पद पद्धतीची. रस्ते शांत राहिले.

7 नोव्हेंबरला ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, सेशन्स यांचा राजीनामा मागून घेतला, तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाचला देशभर निदर्शनं झाली. सेशन्स यांच्याबद्दल जिव्हाळा म्हणून नव्हे! 2016 च्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाची चौकशी विशेष वकील म्युलर करत होते. सेशन्स या चौकशीपासून दूर राहिले होते, म्हणून देखरेख उपमंत्री रोझेनस्टाइन यांच्याकडे होती. आता ती हंगामी मंत्री व्हिटेकर यांच्याकडे गेली, आणि त्यांनी या चौकशीवर आधीच जाहीर टीका केली होती. शिवाय मोर्च्यांची वेळ आणि ठिकाणं संघटनांनी आधीच ठरवून ठेवली होती. नुसत्या संतापावर एका रात्रीत एवढी माणसं जमत नाहीत.