आजारी कामगाराला फोन करावा की घरी जावं?

वाळूजच्या कारखान्यातला एक माणूस टायफॉइडनं गंगापूरकडच्या गावी पडून आहे. साहेबानं काय करावं?

घरी गेलं तर माया दिसते. आपल्याकडं आजाऱ्याला बघायला न जाणं वाईटच मानतात. पण साहेब दारात आला की घरची बाई चहा-पोह्याला लागते, आजारी माणूस उगाच ताठ बसतो अन् गल्लीत कुजबुज होते, "खरंच आजारी आहे का, ते बघायला आलेत!" त्यामुळं विचारूनच जावं, दहा मिनिटांत उठावं.

फोन कोरडा वाटतो, पण कामाचा. आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी. "कधी येता?" नको, "काम वाटून दिलंय, काळजी करू नका" एवढं पुरे. खरी घालमेल पगाराची असते. ईएसआयमधल्या (कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या) पात्र कामगाराला आजारपणात सरासरी मजुरीच्या ७०% रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, त्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र वेळेत लागतं. हे फोनवर नीट सांगितलेलं सफरचंदाच्या पिशवीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

माझं मत फोनला. दवाखान्यात भरती असेल तर मात्र जाऊन यावं; तिथं कुणाला पोहे करावे लागत नाहीत.